दारातला विलंब

माझ्या टिपणवहीत मे २०२० मधलं एक पान आहे. पुतणीच्या कळांमधलं अंतर लिहायला घेतलेलं. पुढे त्यावर दुसऱ्याच वेळा चढल्या. रात्री १.२० कळा सुरू. २.०५ गाडी निघाली. २.४० नाक्यावर पास तपासला. ३.१० रुग्णालयाचं फाटक. ५.५० आत घेतलं, पण दुसऱ्याच, सरकारी रुग्णालयात. जिथे सुरुवातीपासून नाव नोंदवलं होतं, त्या खासगी रुग्णालयाने फाटकावरच करोनाचा रिपोर्ट मागितला होता. पुतणी आणि मुलगा सुखरूप आहेत, म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली बाळंतपणातल्या मृत्यूंची साधी मांडणी केली. उशीर तीन जागी होतो: दवाखान्यात न्यायचं हे घरी ठरायला, तिथवर पोचायला, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. मी डॉक्टर नाही, पण ही मांडणी हाती आल्यावर आपल्याकडच्या योजनांचा अर्थ मला नीट लागला. आशाताई आणि २००५ची जननी सुरक्षा योजना पहिल्या विलंबासाठी, १०२ आणि १०८च्या गाड्या दुसऱ्यासाठी, आणि पैशापायी उपचार अडू नयेत म्हणून २०११चा मोफत बाळंतपणाचा कार्यक्रम.

टाळेबंदीत तिन्ही विलंब परत आले. पहिला तर उलटा होऊन आला: पूर्वी सासू नको म्हणायची, आता गरोदर बाईच दवाखान्याला भिऊ लागली. एसटी बंद होती. अंगणवाडीतली तपासणी अनेक ठिकाणी काही आठवडे थांबली. तिथे होतं तरी काय? रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन. पण कोणती बाई धोक्यात आहे हे कळतं ते तिथेच.

तिसऱ्या विलंबाला मात्र फाटकावर नवं रूप मिळालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं की प्रतिबंधित भागातल्या, बाळंतपण पाच दिवसांवर आलेल्या बाईची लक्षणं नसली तरी चाचणी करावी. त्याच सूचनेत असंही होतं, की केवळ चाचणीची सोय नाही म्हणून तिला दुसरीकडे पाठवू नये. फाटकापर्यंत पहिलं वाक्य पोचलं, दुसरं नाही. रिपोर्टला एक-दोन दिवस सहज लागत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर बाई दोन तासांत दगावू शकते.

जागा आधीच ठरलेली असली की काय होतं, हे मुंबईच्या नायर रुग्णालयात दिसलं. एप्रिल २०२०पासून ते करोनासाठी राखीव झालं आणि बाधित मातांची हजाराहून अधिक बाळंतपणं तिथे झाली.

या काळाबद्दल बोलताना महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं रुग्णालयात झाल्याचा दाखला दिला जातो. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आहे. अहवालावर २०१९-२१ लिहिलंय खरं, पण महाराष्ट्रातली घरोघरची पाहणी टाळेबंदीच्या आधीच आटोपली होती. म्हणजे हा आकडा त्या काळाचा नाहीच. असता, तरी बाळंतपण कुठे झालं एवढंच त्यातून कळलं असतं.

पुतणीच्या कार्डावरही तेवढंच आहे: सरकारी रुग्णालय, नैसर्गिक प्रसूती, सकाळी ६.३५. मधले दोन तास चाळीस मिनिटं फक्त माझ्या वहीत आहेत.