जेट-स्कीची शक्ती कोठे जाते?

समुद्रकाठी पाण्यावर उड्या घेत जाणारी जेट-स्की आता कळंगुटपासून मालवणपर्यंत सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पर्यटकांना ती क्षणभराची गंमत वाटते; पण ती चालविणाऱ्यांच्या कुटुंबांचा वर्षाचा चरितार्थ ऑक्टोबर ते मे या चार दिवसांच्या हंगामावर अवलंबून असतो. अशा वेळी यंत्र सुरू होते, आवाजही करते, परंतु पूर्वीसारखे धावत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. ती कोठून उद्भवते आणि तिचा माग कसा काढावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या वाहनाचे तत्त्व समजून घेऊ. साध्या मोटारबोटीस मागे उघडा पंखा असतो. जेट-स्कीला तो नसतो. तिच्या तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत येते, एका नळीत फिरणारे चक्र ते जोराने मागे ढकलते, आणि निमुळत्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या त्या झोताच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते. उथळ नद्यांतून बोट नेता यावी म्हणून न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात ही झोताची पद्धत यशस्वी करून दाखविली. पुढे अमेरिकेतील क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून कावासाकी कंपनीने १९७३ साली ‘जेट-स्की’ बाजारात आणली, आणि त्या कंपनीने दिलेले हे नावच साऱ्या जातीला चिकटले.

याचा अर्थ असा की, या वाहनात शक्ती निर्माण करणारे एंजिन आणि ती शक्ती पाण्याला देणारा पंप अशी दोन स्वतंत्र अंगे आहेत. म्हणून हत्यारपेटी उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर एंजिनाचे फेरे वाढतात की नाही? आजच्या फोर-स्ट्रोक यंत्रांत ते मिनिटाला ७००० ते ८०००च्या घरात जातात व समोरच्या काट्यावर दिसतात. फेरे भरपूर वाढले, एंजिन किंचाळू लागले, पण वेग मात्र येत नाही, असे असेल तर दोष पंपाकडे आहे. फेरेच वाढत नसतील तर दोष एंजिनाकडे आहे. एवढी निवड न करता प्लग बदलीत बसणारा मनुष्य पैसा आणि दिवस दोन्ही गमावतो.

पंपाचे दोष बहुधा साधे असतात. जाळीत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ किंवा कोळ्यांच्या जाळ्याचा दोरा हे त्यांतील पहिले कारण. दुसरे कारण वाळू. कंबरभर पाणी नसताना एंजिन जोरात चालविले की पंप तळाची वाळू व खडे ओढून घेतो. चक्राच्या पात्यांना दाते पडतात आणि त्याभोवतीचे कडे झिजते. चक्र व कडे यांच्यामधील फट नव्या यंत्रात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती एक मिलिमीटरच्या आसपास गेली की पाणी त्या फटीतून मागे निसटते, झोतात बुडबुडे मिसळतात आणि वाहन जागच्या जागी घुटमळते. कडे बदलले की पुष्कळदा हरवलेला वेग परत येतो. मात्र पंपाला हात लावण्यापूर्वी एंजिन बंद करून मनगटाची सुरक्षा-दोरी काढून घेतलीच पाहिजे. फिरत्या चक्राला दया नसते.

आता एंजिनाकडे वळू. आधुनिक यंत्रात एंजिन तापले, तेलाचा दाब उतरला किंवा एखादा संवेदक बिघडला, तर त्यातील नियंत्रक स्वतःच फेऱ्यांवर मर्यादा घालतो. हा बिघाड नव्हे; ती एंजिनाने स्वतःला वाचविण्यासाठी घेतलेली खबरदारी आहे. म्हणून आधी इशाऱ्याचा दिवा पाहावा. पुष्कळ यंत्रांना थंड ठेवणारे पाणी त्याच पंपातून येते; त्याच्या बारीक नळ्यांत वाळू वा मीठ साचले तर एंजिन तापणारच.

इशारा नसेल तर इंधनाची चौकशी करावी. आपल्याकडे पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि यंत्रे छपराखाली पडून राहतात. टाकीतले जुने पेट्रोल तोपर्यंत निकस झालेले असते. शिवाय आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक कारखान्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांचीच मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि एंजिन नेमके तेथूनच इंधन ओढते. म्हणून हंगामाच्या आरंभी जुने पेट्रोल काढून टाकावे व गाळणी तपासावी. यंत्र जुने असेल, तर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रेही साफ करावीत.

त्यानंतर प्लग काढून पाहावेत; ते एंजिनाचे मनोगत सांगतात. फिकट तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याची खूण होय. काजळी धरलेला प्लग इंधन जास्त वा ठिणगी दुबळी असल्याचे सुचवितो, पांढरा पडलेला प्लग इंधनाची चणचण वा अतिउष्णता, तर दुधाळ ओलावा पाणी शिरल्याचे. एवढे करूनही दोष न सापडल्यास प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आढळला, तर पुढचे काम जाणत्या कारागिराचे आहे.

पाणी आत शिरण्याचे एक कारण आपणच निर्माण करतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने एंजिन धुवावे, हे योग्यच. परंतु सर्वसाधारण क्रम असा की, आधी एंजिन सुरू करावे आणि मग नळ सोडावा. शेवटी आधी नळ बंद करावा आणि मग एंजिन. क्रम उलटला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत चढते. बंद पडलेली जेट-स्की वेगाने ओढून नेली तरी हाच अनर्थ होतो. ती माणसाच्या चालीनेच न्यावी. आसनाखाली पेट्रोलची वाफ कोंडते, म्हणून तपासणीनंतर आसन थोडा वेळ उघडे ठेवून मगच चावी फिरवावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जेट-स्कीला वेगळे सुकाणू नसते. झोताची दिशा बदलूनच ती वळते. झोत मंदावला की वळण्याची ताकदही मंदावते. घाबरून थ्रॉटल सोडणारा मनुष्य हँडल कितीही फिरवो, वाहन सरळच जात राहते. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते, तेथे ओहोटीचा ओढ असताना अर्ध्या शक्तीची जेट-स्की घेऊन पाहुण्यास पाठीमागे बसविणे म्हणजे दुसऱ्याचा जीव पणास लावणे होय. सकाळी पहिला पाहुणा घेण्यापूर्वी चालकाने एकट्याने एक फेरी मारावी आणि फेऱ्यांचा काटा व वेग यांचा मेळ पाहावा. तो बसत नसेल तर त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून यंत्र वाळूवर घ्यावे. बुडालेली कमाई पुढच्या भरतीला परत मिळविता येते.