सतरंजीवरचा वाघोबा
ठाणे, विशेष प्रतिनिधी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सणासुदीच्या सुमारास हस्तकलेची प्रदर्शने भरली की वारली नक्षीच्या सतरंज्या, आसने आणि उशांचे अभ्रे हमखास दिसतात. गेरूच्या रंगावर पांढरे घोडे, मोर, कोंबडे आणि एखादा वाघ. घरात आणल्यावर बैठकीची खोली खुलून दिसते, हे खरेच. मात्र हे प्राणी मुळात शोभेसाठी जन्मले नाहीत. ते कापडावर येण्यापूर्वी शतकानुशतके कुडाच्या भिंतीवर होते आणि तेथे त्यांना नेमून दिलेले काम होते.

आदिवासी व भटक्या समाजांच्या हाती विणलेल्या गालिचांतील प्राण्यांचे आकर्षण जगभर आहे. इराणच्या फार्स प्रांतातील कश्काई या भटक्या जमातीच्या स्त्रिया आपल्या कळपातील शेळ्या, उंट, घोडे गालिचात विणत आल्या. तेथील सिंहाच्या गालिचांचा संग्रह करून शिल्पकार परविझ तनावोली यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. उभ्याआडव्या धाग्यांच्या चौकटीत गोलाई सहज साधत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी येते. म्हणूनच या गालिचांतील प्राणी कोनदार, थोडे बालिश आणि विलक्षण जिवंत वाटतात.

वारल्यांकडे गालिचे विणण्याची परंपरा नाही. त्यांचा गालिचा म्हणजे घराची भिंत. कुडावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी एवढेच साहित्य. टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. अशा काडीने सरळ रेघ झटपट उमटते. त्यामुळे टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहतो, तर चार-सहा रेघांत घोडा धावू लागतो.

चौकाशिवाय लग्न नाही

या चित्रकलेचे मूळ लग्नविधीत आहे. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट ही सर्जनाची देवी असते, तर शेजारच्या लहान चौकात घोड्यावर स्वार झालेला पंचशिऱ्या देव. धवलेरी लग्नाची गाणी गाते. चौक पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही. भोवताली झाडे, पक्षी, माकडे, मुंग्यांच्या रांगा अशी सारी सृष्टी भरलेली असते. या चौकातला घोडा देवाचे वाहन आहे. देव वगळून नुसता घोडा उचलला, तर उरते ती केवळ नक्षी.

वाघाचे स्थान त्याहून वेगळे आहे. वारली वाघाला आणि बिबट्यालाही ‘वाघोबा’ म्हणून पुजतात. पाड्याच्या वेशीवर किंवा रानात त्याचे दगडी वा लाकडी ठाणे असते. त्यावर वाघाबरोबर अनेकदा चंद्र-सूर्यही कोरलेले असतात. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवला जातो. त्याचा मान राखला तर तो गुराढोरांना आणि माणसांना सांभाळतो, अशी श्रद्धा आहे. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील अशा सुमारे १५० ठाण्यांची नोंद करणारा अभ्यास वन्यजीव संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. बिबट्याच्या सहवासात राहण्याची रीत या श्रद्धेने घडवली, असे त्यातून दिसते.

हा विषय शहरवासीयांना परका नाही. ठाण्याच्या कुशीतील येऊरच्या रानात बिबट्यांचा वावर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलच्या आवारात, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील चिंचपाड्याच्या एका इमारतीत बिबट्या शिरला होता. ज्या प्राण्याच्या बातमीने आपली झोप उडते, त्याच्याशी शेजारधर्म पाळणाऱ्यांची खूण आपण जमिनीवर अंथरतो, याचा सहसा कोणाला पत्ता नसतो.

भिंतीवरून कागदावर

ही कला १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली. कलावंत भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रकारांना कागद व रंग पुरवले. स्त्रियांची मानल्या जाणाऱ्या या कलेत डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. लग्नचौकापलीकडचे कोळ्याचे जाळे, मुंग्या, शेतीची कामे हे विषय त्यांनी स्वतंत्र चित्रांत आणले आणि त्यांची चित्रे परदेशांतील प्रदर्शनांतही पोहोचली.

डहाणू, जव्हार, तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. आता ते पालघरमध्ये आहेत. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शन, म्हणजेच ‘जीआय’ मानांकन मिळाले. त्याने ‘वारली चित्र’ या नावाला आणि त्यामागच्या प्रदेशाला संरक्षण लाभले. मात्र त्रिकोणी माणूस किंवा रेघांचा घोडा ही शैली त्यामुळे कोणाच्या मालकीची होत नाही. परप्रांतातील गिरणीत तसे कापड छापले गेले, तर त्यातून पाड्यावरच्या चित्रकाराला काही मिळेलच असे नाही.

खरेदी करताना

चोखंदळ ग्राहकाच्या हाती थोडे आहे. सतरंजीवरील दोन घोडे शेजारी ठेवून पाहावेत. तंतोतंत सारखे असतील तर तो बहुधा छाप असतो. हाताच्या रेघेत जाडीचा फरक पडतोच. चित्रकाराचे व गावाचे नाव विचारावे. विक्रेत्याला ते सांगता आले, तर पैसे योग्य हाती पोहोचण्याची शक्यता वाढते. छापील सतरंजी घेण्यात गैर काहीच नाही. मात्र हाताने काढलेल्या चित्राची किंमत छापील मालाशी ताडून घासाघीस करू नये. आणि घरातल्या मुलांनी ‘हा कोण?’ असे विचारले, तर ‘डिझाइन’ म्हणून वेळ न मारून नेता, हा वाघोबा आहे, वेशीवर बसून पाडा राखतो, एवढे जरूर सांगावे.