सूत, टोपी आणि उडालेली झोप

खादी म्हटलं की गांधीजी, बरोबर? थांबा! 1877चा दिल्ली दरबार आठवा. राजेमहाराजे हिऱ्यामोत्यांनी लखलखताहेत आणि त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, चक्क खादीत! गांधीजींचं वय तेव्हा? अवघं 7 वर्षं. पहिला ‘खादी फॅशन शो’ पुणेकरांच्या नावावर लिहा बरं!

1905. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली आणि फर्ग्युसनच्या एका विद्यार्थ्याला भोवली. 10 रुपये दंड, वर हॉस्टेलमधून हकालपट्टी. विद्यार्थ्याचं नाव? विनायक दामोदर सावरकर!

मुंबईची मोठी होळी 31 जुलै 1921ला परळमध्ये झाली. माहीत आहे का कुठे? कापड गिरणीच्याच आवारात! उमर सोबानींनी आपल्या एल्फिन्स्टन मिलची जागा दिली होती.

मेंबरशिप फी कशात भरायची? सुतात! 1924च्या बेळगाव काँग्रेसने ठरवलं, सभासदाने महिन्याला 2000 वार सूत द्यायचं. म्हणजे दरमहा 1.8 किलोमीटर! सगळ्यांचं काही या अटीशी सूत जमलं नाही. पुढच्याच वर्षी 4 आण्यांचा पर्याय आला.

1930मध्ये गुंटूरच्या मॅजिस्ट्रेटने थेट गांधी टोपीवरच बंदी घातली. एका साध्या टोपीने साम्राज्याचं डोकं उठवलं!

त्याच वर्षी 12 डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाची लॉरी अडवायला 22 वर्षांचा बाबू गेनू आडवा झाला. लॉरी थांबली नाही. महाळुंगे पडवळचा हा पोरगा गिरणी कामगार होता, कापडाच्याच धंद्यातला. हे नाव विसरू नका.

आता सांगा, सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपये कोण देईल? 1929मध्ये अखिल भारत चरखा संघाने जाहीर केले! अटी मात्र कडक: किंमत दीडशेच्या आत, 20 वर्षं मोठी दुरुस्ती नको. किर्लोस्करवाडीचा चरखाही मैदानात उतरला. बक्षीस? कुणालाच नाही!

1942. इंदिरा नेहरूंच्या लग्नातली गुलाबी साडी कुठल्या सुताची? वडिलांनी तुरुंगात कातलेल्या!

आणि 1947मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गांधीजींच्या सुताचं जाळीदार विणकाम आहेर म्हणून लंडनला पोचलं. राजकन्येच्या आजी राणी मेरी यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पंचाच पाठवलाय!