धावणाऱ्याच्या रक्तातली साखर

२०१० साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३० किलोमीटरच्या स्कीइंग शर्यतीत अमेरिकेचा क्रिस फ्रीमन मध्येच बर्फात आडवा झाला. पाय मुरगळला नव्हता की स्नायू दुखावला नव्हता. रक्तातली साखर उतरली होती. मार्गाशेजारच्या कुणीतरी गोड पेय दिलं, ते पिऊन तो उठला आणि शर्यत पुरी केली. २००० साली त्याला टाइप १ मधुमेहाचं निदान झालं होतं आणि त्यानंतर तो चार ऑलिम्पिकमध्ये उतरला.

टाइप १ म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणारा, चाळिशीनंतरचा मधुमेह नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यानं तो होत नाही आणि पथ्यानं जातही नाही. इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. अशा माणसानं मॅरेथॉनच्या नादी लागावं का? माझं मत स्पष्ट आहे: जरूर लागावं, पण पायांच्या सरावाइतकाच इन्सुलिनचाही सराव करावा.

निरोगी माणूस धावू लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. सुईनं टोचलेलं इन्सुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. ते यकृताला साखर सोडू देत नाही. त्यातच काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता स्वतःच साखर ओढून घेतो. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच धावलं, तर तिथला रक्तप्रवाह वाढून औषध आणखी लवकर भिनतं. म्हणजे साखर तीन बाजूंनी खाली येते. हे पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांपैकी एक होते लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स. त्यांना स्वतःला हाच आजार होता आणि १९२३ साली इन्सुलिन मिळालं म्हणून ते वाचले. व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हा त्यांचा लेख १९२६ सालचा आहे.

गंमत अशी की साखर दरवेळी खालीच जाते असं नाही. जोरदार स्प्रिंट, उभा चढ किंवा शर्यतीच्या सकाळची धाकधूक यांमुळे अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि साखर चढते. स्टार्ट लाइनवर मीटर २५० दाखवतो, घाबरून जादा इन्सुलिन घेतलं जातं आणि पुढे दहाव्या किलोमीटरला पाय लटपटू लागतात. याच गुणाचा उपयोगही होतो. मध्यम गतीच्या व्यायामानंतर १० सेकंद जीव तोडून धावलं तर लगेच होणारी घसरण थोपवता येते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं.

२०१७ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात तज्ज्ञांनी एकमतानं काही आकडे दिले. लांब पल्ल्याला निघताना साखर साधारण १२६ ते १८० असावी आणि वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. गेल्या २४ तासांत साखर उतरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असेल, तर त्या दिवशी धावूच नये. रक्तातली कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं, १.५ किंवा जास्त असतील तरीही नाही. हे आकडे म्हणजे सुरुवात. आपला डोस आपल्या डॉक्टरांबरोबर बसूनच बसवायचा.

आपल्या धावकांची पहाटे उपाशीपोटी निघण्याची सवय इथे कामी येते. त्या वेळी जेवणाचं इन्सुलिन अंगात नसल्यानं साखर कमी घसरते. खिशात मात्र शेंगदाण्याची चिक्की नको. एरवी ती उत्तम, पण दाण्यातल्या तेलामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोहोचते. अडचणीच्या वेळी ग्लुकोज पावडर किंवा साधं साखरपाणी हवं. दंडावरच्या सेन्सरवरही डोळे झाकून भिस्त ठेवू नये. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे धावताना रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. हात थरथरत असताना आकडा ९० दिसला तरी विश्वास हातावर ठेवावा आणि साखर खावी.

खरा धोका पुष्कळदा रात्री असतो. रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास साखर भरून घेत राहतात. संध्याकाळी मोठा पल्ला मारलेल्याची साखर मध्यरात्रीनंतर गाढ झोपेत उतरू शकते. म्हणून त्या रात्री इन्सुलिन किती घ्यायचं आणि झोपण्यापूर्वी काय खायचं, हेही सरावाच्या वेळापत्रकातच लिहिलेलं असावं.

'टीम नोवो नॉर्डिस्क' या व्यावसायिक सायकलिंग संघातला प्रत्येक स्वार टाइप १चा आहे आणि मिलान-सान रेमो ही जवळपास ३०० किलोमीटरची शर्यत हा संघ खेळला आहे. तरीही आपल्याकडे अशा मुलाला क्रीडा तासाला बाकावर बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पालकांनो, शिक्षकांनो, त्याला खेळू द्या. खिशात ग्लुकोज द्या आणि सोबतच्या एकाला तरी लक्षणं शिकवा: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्धीत असेल तर आधी साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तातडीनं रुग्णालयात न्या.