बिनकामाची वाट

"डोंगरावर कशाला जायाचं? तिथं देव हाय का?"

आक्कांनी असं विचारलं आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागलो. आक्का म्हणजे आमच्या बचत गटातल्या सगळ्यात मोठ्या. वय सदुसष्ट. मुंबईला बचत गटांचं प्रदर्शन होतं, म्हणून आम्ही सातजणी माणदेशातून शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि चार घोंगड्या घेऊन आलो होतो. शनिवारी प्रदर्शन संपलं. परतीची एस.टी. रविवारी रात्रीची. मधला अख्खा दिवस मोकळा! मोकळा दिवस म्हणजे काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं महालक्ष्मीला जाऊ, कुणी म्हणालं सिद्धिविनायक. बोरिवलीला राहणारी माझी भाची मात्र हटूनच बसली. "मावशी, देवळं तुमच्या गावाकडेही आहेत. उद्या आमच्या नॅशनल पार्कात चला. कान्हेरीची घळ चढून जाऊ."

प्रश्न पडला तो घरी काय सांगायचं याचा. एकीने सासूबाईंना फोनवर चक्क सांगून टाकलं, "देवदर्शनाला चाललोय." मी तिला काही बोलले नाही. बोलणार कुठल्या तोंडाने? मी तरी घरी "भाचीकडे जेवायला जातेय" एवढंच सांगितलं होतं. गटाच्या बैठकांमध्ये बायकांच्या हक्कांवर तास-तास बोलणारी मी, 'मी फिरायला चालले आहे' हे साधं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पायी जाण्याच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बाहेर हायवेवर गाड्यांचा नुसता कल्ला, आणि दरवाजातून आत शिरलं की झाडी. हे जंगल शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडं मोठं. चहूबाजूंनी शहर आणि मधोमध बिबटे! भाची म्हणाली, अलीकडच्या मोजणीत ते पन्नासच्या आसपास भरले. हे ऐकून आमच्यातल्या दोघींनी लगेच एकमेकींचा हात धरला. पण बिबट्याही नाही दिसला आणि त्याचं शेपूटही नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन याच जंगलाच्या कुशीत आहेत. जंगल राखलं म्हणून पाणी राहिलं, एवढं साधं गणित.

मुख्य दरवाजापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. तिथपर्यंत आम्ही उद्यानाच्या बसने गेलो. लेण्यांच्या पायथ्याशी आदिवासी बायका काकड्या आणि पेरू विकायला बसल्या होत्या. आक्कांनी आधी त्यांच्याशी काकडीच्या भावावरून गप्पा मारल्या, मग चार काकड्या घेतल्या. पायऱ्या चढतो न चढतो तोच एका माकडाने त्यातली एक लांबवली!

घळ म्हटलं की आपल्याला शिवथरघळ आठवते. कान्हेरीला डोंगराच्या पोटात अशीच एक खोल घळ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडात कोरलेली शंभराहून अधिक लेणी. पावसाळ्यात या घळीतून ओढा दणाणत वाहतो. आम्ही गेलो जानेवारीत, तेव्हा नुसते गुळगुळीत दगड आणि मधे मधे साचलेली डबकी. एका अंगाने दगडातच खोदलेल्या पायऱ्या वर वर जातात. हजारो पावलांनी झिजून त्या मधे खोलगट झाल्या आहेत, आपल्या पाट्यासारख्या.

बी.ए.ला इतिहास होता माझा. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर; पहिलं खोदकाम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं, पुढे हजारभर वर्षं इथे भिक्खूंची वस्ती, हे सगळं पाठ करून पेपरात लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. पण तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या, वीस फुटांहून उंच बुद्धमूर्तींसमोर उभी राहिले तेव्हा कळलं, आपण फक्त पाठ केलं होतं.

"ह्याला लेणं का म्हंत्यात?" आक्कांनी विचारलं. "लेणं म्हंजी दागिना न्हवं?"

इथल्या शिलालेखांतही 'लेण' असाच शब्द आहे, असं मी सांगितलं. दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशा भिक्षुणी आणि संसारी बायकाही आहेत. कुणी लेणं कोरून दिलं, तर कुणी पाण्याचं टाकं. त्या टाक्याला लेखांमध्ये 'पोढी' म्हटलं आहे. "म्हंजी त्या बायांनी डोंगराला दागिना घातला की!" आक्का म्हणाल्या.

अकराव्या क्रमांकाच्या लेण्याला दरबार म्हणतात. आत दगडाचे दोन लांबच लांब, बुटके बाक कोरलेले. आमच्या बायकांना एकदम पंगतच आठवली. "इतक्या जणांचं रांधायला कोण होतं?" हा खास आमचा प्रश्न.

चढ पुढे उभा होत गेला. माझा श्वास फुलला, गुडघे बोलायला लागले. दोघींच्या चपला घसरायला लागल्या. आक्का मात्र नऊवारीचा काष्टा खोचून सरसर पुढे. वरून हाका मारत होत्या, "मास्तरीणबाई, या की!" मी मास्तरीण नाही, पण गटाचा हिशेब लिहिते म्हणून त्या मला तसं म्हणतात.

वर एका छोट्या लेण्यापाशी त्या थांबल्या. ओसरी, आत एक खोली, झोपायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. इथे बहुतेक लेण्यांची रचना अशीच. डोंगराच्या उतारावर छोटे छोटे पाट कोरलेत. पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात उतरतं. खालची घळ कोरडी पडलेली, आणि इथे जानेवारीतही पाणी होतं. आक्का वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग टाक्याच्या काठावरून त्यांनी हात फिरवला. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात.

"बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा-चौदा वर्षांची," त्या म्हणाल्या. "नवीन लगीन झालेली. दुष्काळी कामावर खडी फोडली दोन वरीस. हाताची सालं निघायची. आमी बी दगुडच फोडला की गं. पर त्यातनं पानी काय निघालं न्हाई."

कुणी काही बोललं नाही. आयुष्यभर ही बाई चालली. पाण्याला चालली, सरपणाला चालली, बाजाराला चालली, पंढरीला चालली. डोक्यावर ओझं नाही आणि पोचायची घाई नाही, असं मात्र ती आज पहिल्यांदा चालत होती. आणि मी? शेहेचाळीस वर्षांत मी तरी कधी चालले होते? भाजी, शाळा, बँक, दवाखाना. पिशवीशिवाय घराबाहेर पडल्याचं मला आठवेना.

माथ्यावर पोचलो. एकीकडे गर्द जंगल, दुसरीकडे उंच उंच इमारतींची रांग. उरलेल्या काकड्या मीठ लावून खाल्ल्या. माझा फोन वाजला. "गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय?" यांनी विचारलं. मी सांगितलं. मग एक श्वास घेतला आणि म्हटलं, "मी डोंगरावर बसलेय. फिरायला आलोय आम्ही." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं. सांभाळून उतर." बस, एवढंच! ज्याची इतकी धास्ती घेतली होती, ते दोन शब्दांत संपलं. सगळ्याच घरी ते इतक्या सहज संपत नाही, हेही मला ठाऊक आहे.

देवदर्शन सांगून आलेल्या आमच्या मैत्रिणीची मात्र घरी पोचल्यावर पंचाईत झाली. सासूबाईंनी हात पुढे केला, "प्रसाद कुठाय?" शेवटी तिला खरं सांगावं लागलं. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "लई उंच हाय का गं तो डोंगर?"

आता दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या ओढ्याच्या काठाने तासभर चालतो. पहिल्या दिवशी वाटेत तिघांनी विचारलं, "काय हरवलंय का?" एकाने विचारलं, "कुणाची मयत हाय का?" आक्कांनी सांगितलं, "काय न्हाई. नुसतंच चाललोय." आता कुणी विचारत नाही. चालायला लागल्यावर ओढाही पहिल्यांदा नीट दिसला. त्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आमच्याच दुकानांची नावं होती. २६ जुलै २००५ ला मुंबईत मिठी नदी का चिडली, ते अशा वेळी उमजतं. तिचं पाणीही त्या जंगलातल्या विहार तलावाकडूनच निघतं, आणि आपण माणसांनी तिचा नाला करून टाकला. आमच्या ओढ्याचं काय करायचं, ते अजून ठरायचंय. सध्या चालताना हातात एक रिकामं पोतं असतं. "बघा, पुन्हा काम आलंच हातात," म्हणून आम्ही हसतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही एखादा ओढा, टेकडी, पाझर तलाव असेलच. एकदा पिशवी घरी ठेवून जाऊन बघा.

कान्हेरीला जाणार असाल तर...

- उद्यान सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर पोचा.
- चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. प्यायचं पाणी जवळ ठेवा.
- खाऊ पिशवीत झाकून ठेवा. माकडं हातातून हिसकावतात.
- पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं. ओढ्याच्या पाण्यात उतरू नका.
- लेण्यांच्या वाटा सोडून जंगलात शिरू नका. उद्यानात शिलोंडा नावाची ओढ्याकाठची निसर्गवाटही आहे, पण तिथे परवानगी घेऊन आणि वाटाड्याबरोबरच जावं लागतं.
- टाक्यांत काही टाकू नका. कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ती दान दिली आहेत.