पाण्याला उतार, मशीनला सपाटी

सकाळी ८. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चहा घेतला. नजर मात्र त्यांच्या छताकडे. आमच्या नव्या (म्हणजे रीसेलच्या) फ्लॅटची ड्राय बाल्कनी त्यांच्या डोक्यावर येते. जुन्या फरश्या काढून वॉटरप्रूफिंगचे दोन कोट दिले, ट्रॅप बुजवला आणि ४८ तास पाणी कोंडून ठेवलं. छत कोरडं आहे. काकू म्हणाल्या, "अजून दोन दिवस ठेवा की." आधीच्या मालकाची गळती सोसलेल्या बाईला काय उत्तर देणार?

९.३०. मिस्त्री आणि बिगारी आले. पाणी सोडलं. राडारोड्याच्या गोण्या खाली गेल्या.

१०. सोसायटीत आवाजाचं काम दहा ते दोन आणि चार ते सहा. त्यामुळे कटर आधी. मिस्त्रींनी फरश्या कोरड्याच मांडून पाहिल्या, ट्रॅपभोवतीच्या तिरक्या तुकड्यांवर खुणा केल्या आणि धूळ उडाली.

११.३०. आजचा खरा मुद्दा निघाला. उतार दर फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा नसेल तर ट्रॅपपासून लांब पाणी साचतं आणि बुळबुळीत होतं. पण इथे ठेवायची वॉशिंग मशीन दोन फूट रुंद, म्हणजे तिच्या एका बाजूला दोन सूत खाली. "पायाचे स्क्रू फिरवा की ताई," मिस्त्री म्हणाले. फिरवता येतात, कंपनीने त्यासाठीच दिलेत. पण पाय जितका बाहेर काढावा तितकी मशीन पिळताना थरथरते, आणि फ्रंट लोडचा ड्रम मिनिटाला हजारावर फेरे घेतो. मी चार इंचांचा ओटा मागितला: वरून सपाट, बाकी जमिनीला हवा तेवढा उतार. मिस्त्रींना ते जास्तीचं काम वाटलं. पाच मिनिटं गप्प राहून त्यांनी विटा मागवल्या.

१२.३०. प्लंबर. ओटा आला म्हटल्यावर सांडपाण्याच्या पाइपचं तोंडही चार इंच वर न्यावं लागलं. हे लोक विसरतात. तोंड फार खाली राहिलं तर मशीन भरता भरताच पाणी ओढलं जाऊन निघून जातं, आणि आपण मशीन बिघडली म्हणून मेकॅनिकला बोलावतो.

२. जेवण. मिस्त्री उदगीरकडचे. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ऑफिसचे दोन फोन मी जिन्यात उभ्याने उरकले.

३. बिनआवाजाचं काम. माल कालवला, दोरी बांधली, फरशी बसू लागली. रबरी हातोडीचा आवाज सोसायटी धरत नाही.

४.३०. वायरमन. पाणी गरम करणारी मशीन दोन किलोवॅटच्या आसपास घेते, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट आणि वेगळा एमसीबी. सॉकेट मशीनच्या मागे नको, बाजूला, हात पोचेल असा. नाहीतर काही झालं तर ओल्या फरशीवर उभं राहून मशीन ओढावी लागते. अर्थिंग त्याने मीटर लावून दाखवलं. दाखवलं नसतं तर मी पैसे दिले नसते.

६. मिस्त्रींनी ओट्यावर ओलं गोणपाट टाकलं. "सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. सांधे भरायला परवा येतो." तेवढ्यात दुकानातून फोन: मशीन उद्या पाठवू का? पुढच्या आठवड्यात, म्हटलं. गोदामात ठेवायला जागा नाही म्हणे. मग हॉलमध्ये ठेवा, पण ओट्याला हात लावू नका.