अलेच हिमनदीवरचे तीन दिवस

मंडळी, लॅमिंग्टन रोड म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना मुंबईचा आठवेल, कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळणारा. माझा लॅमिंग्टन रोड मात्र हुबळीचा. तिथे अप्पांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, कुलपं, रंगाचे डबे आणि दाराशी टांगलेली दोरांची वेटोळी. शाळेच्या सुट्टीत दोर वजन करून द्यायचं काम माझ्याकडे असे. पुढे बीई झालो, सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, झुरिकला आलो. दोराशी संबंध संपला असं वाटलं होतं. तो गेल्या जुलैत परत आला, थेट कमरेला.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना युंगफ्राउयोखला नेतोच. १९१२ मध्ये सुरू झालेली ती बोगद्यातली रेल्वे, ३,४५४ मीटरवरचं स्टेशन, झेंड्यापाशी फोटो आणि परत. त्याच स्टेशनातून बाहेर पडून हिमनदीवरून चालत जाता येतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. आमचा बेत तीन दिवसांचा होता. पहिला मुक्काम कॉन्कॉर्डिया हट, दुसरा फिन्स्टरआरहॉर्न हट आणि तिसऱ्या दिवशी ओबेरार खिंड ओलांडून खाली धरणाच्या तलावापाशी. आम्ही पाच जण आणि गाइड. सगळ्यांत नवखा मीच.

सकाळी झुरिकला ४०० मीटरवर असलेला माणूस दुपारच्या आत साडेतीन हजारांवर पोहोचला की डोकं ठणकतंच. माझंही ठणकत होतं. हार्नेस घालून, बुटांना क्रॅम्पन चढवून, एका दोरात सगळ्यांना बांधताना गाइडने प्रत्येकाला विचारलं, "ठीक?" मी म्हटलं, "एकदम." ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं "ऑन ट्रॅक" म्हणायची सवय. पैसे भरले होते, रजा टाकली होती, परत पाठवलं तर काय घ्या!

दोर कशासाठी, तर हिमनदी म्हणजे सरळ सपाट बर्फ नव्हे. ती सतत, अगदी सावकाश, खाली वाहत असते आणि वाहताना तिला खोल भेगा पडतात. त्यांच्यावर बर्फाचे पातळ पूल साचतात, मग भेग दिसत नाही. रात्रीच्या थंडीत हे पूल कडक असतात, ऊन चढलं की मऊ पडतात. म्हणून पहाटे निघायचं, दुपारच्या आत पोहोचायचं. दोन माणसांत आठ-दहा मीटर अंतर ठेवायचं. दोर ताणायचाही नाही आणि ढिलाही सोडायचा नाही.

पहिल्या दिवशी आम्ही कॉन्कॉर्डियाच्या मैदानात उतरलो. बाजूच्या हिमनद्या येऊन मिळतात ती ही जागा. पॅरिसमधल्या चौकावरून तिचं नाव पडलं. मला मात्र आमचं चन्नम्मा सर्कलच आठवलं, फक्त हॉर्न नाहीत. इथून सुमारे २० किलोमीटर लांबीची, आल्प्समधली सर्वांत मोठी, अलेच हिमनदी दक्षिणेकडे वळते. हट वर कड्यावर दिसते आणि तिथे जायला लोखंडी जिना आहे, साडेचारशेच्या आसपास पायऱ्यांचा. १८७७ मध्ये पहिली हट बांधली तेव्हा ती बर्फाच्या जेमतेम ५० मीटर वर होती. आज बर्फ जवळजवळ २०० मीटर खाली गेलाय. हट तिथेच आहे, खालची नदी खचत चाललीय आणि जिना लांबत चाललाय. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला सुमारे १० टक्के बर्फ गमावला. हा आकडा मी आधी वाचला होता. त्या जिन्यावर धापा टाकताना तो मला पहिल्यांदा कळला.

रात्री झोप आली नाही. जेवणही गेलं नव्हतं. पहाटे पुन्हा तेच. "ठीक?" "ठीक."

ग्र्यूनहॉर्न खिंडीच्या चढावर माझा वेग पडत गेला. एका दोरात सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानेच सगळे चालतात. खिंडीत पोहोचायला तासभर उशीर झाला. पलीकडच्या उतारावर बर्फ मऊ पडू लागला होता. माझ्या पुढे साठीतल्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा पाय अचानक आत गेला आणि क्षणात त्या कमरेपर्यंत बर्फात होत्या. पाय खाली लोंबकळत होते, त्याखाली नुसता निळा अंधार. शिकवल्याप्रमाणे मी मागे बसलो, टाचा रोवल्या. दोर ताणला गेला आणि त्यांचं वजन माझ्या कमरेवर आलं. गाइडने त्यांना दोन मिनिटांत बाहेर ओढलं. लागलं काहीच नाही. त्या टोपी झटकून चालू लागल्या. मी मात्र हटपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघू शकलो नाही.

संध्याकाळी सूप पिताना सांगून टाकलं. डोकं कालपासून दुखतंय, म्हणून उशीर झाला. गाइड रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दोरात बांधल्यावर तुझं डोकं तुझ्या एकट्याचं राहत नाही." बाईंनी विचारलं, "आता कसं आहे?" त्या एका प्रश्नाने मी जास्तच ओशाळलो.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच चढावर मी म्हणालो, "पाच मिनिटं थांबूया." सगळे थांबले. कोणी काही बोललं नाही. ओबेरार खिंडीतून दुपारी तलावापाशी उतरलो.

जाणार असाल तर थोडं सांगतो. हट साधारण जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालू असतात. आधी बुकिंग हवंच. शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. झोपायला आतलं पातळ रेशमी किंवा सुती खोळ आपली न्यावी. बूट दारातच काढायचे, आत हटच्या चपला. अगदी आपल्या घरासारखं! हिमनदीवर गाइडशिवाय जाऊ नका. आणि आधी एखादी रात्र उंचीवर काढा, माझ्यासारखी घाई करू नका.

त्या रात्री घरी फोन केला. आईला मी "डोंगरात फिरायला" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे आधी बोलणी खाल्ली. मग अप्पांनी फोन घेतला. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दोर कसला होता रे?" नायलॉनचा, म्हटलं, बोटाएवढा पण नाही. ते जरा थांबले.

"दोर काय तुटत नाही बघ. गाठ नीट पाहिजे. आणि दुखत असलं तर सांगावं की."